दिलेला शब्द, पाळलेला शब्द: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

स्वतःत बदल घडवायचा म्हणून वाचायला बसलं की तीन वेगवेगळे विषय समोर येतात: मनाची ठेवण, माणसांवरचा प्रभाव आणि कामाचा उरक. तिन्हींची पुस्तकं वेगळी, व्याख्यानं वेगळी. मीही बरीच वर्षं ते वेगळेच धरून चालले. पुढे हळूहळू लक्षात आलं की तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आपण दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द यांतलं अंतर. स्वतःला दिलेला शब्द पाळला की काम उरकतं. दुसऱ्याला दिलेला पाळला की तो माणूस पुढच्या वेळी आपलं म्हणणं मनावर घेतो. आणि शब्द मोडला तर त्या घटकेला आपण स्वतःला काय सुनावतो, त्यावरून मनाची ठेवण कळते.

हा लेख त्या एका अंतराबद्दल आहे. लागणारं साहित्य एक छोटी वही आणि पेन, एवढंच. फोनमध्ये लिहिलं तरी चालतं, पण मी वहीच सुचवेन. नोंद करायला म्हणून फोन उघडला की नोंद राहते बाजूला आणि आपण भलतंच काही वाचत बसतो. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्या पायरीचा आठवडा पुरा होईपर्यंत दुसरीला हात लावू नका.

पायरी १: आठवडाभर फक्त नोंद

सात दिवस काहीही सुधारायचं नाही. तोंडातून निघालेला किंवा मनाशी पक्का केलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवायचा. ‘संध्याकाळपर्यंत पाठवते’, ‘उद्या फोन करते’, ‘आज रात्री लवकर झोपायचं’, सगळं. पानावर चार रकाने पाडा: कोणाला, काय, केव्हापर्यंत, झालं का. स्वतःला दिलेल्या शब्दासमोर ‘मी’ असं लिहा. तोही शब्दच आहे, त्याला सूट नाही.

नोंद शक्यतो त्याच क्षणी करा. रात्री बसून दिवस आठवायचा म्हटलं तर आठवण आपली बाजू घेते: पाळलेले शब्द आठवतात, मोडलेले गळून पडतात.

माझ्या पहिल्या आठवड्याचं एक पान मी जपून ठेवलं आहे. मंगळवारच्या तारखेखाली नऊ ओळी आहेत. पाच ओळींत ‘केव्हापर्यंत’चा रकाना रिकामा आहे, कारण मी वेळ सांगितलीच नव्हती. त्या पाचांपैकी चार ठिकाणी एकच क्रियापद आहे: ‘बघते’. ‘तुझा मसुदा बघते.’ ‘त्या तारखेचं बघते.’ लिहिताना ते साधे वाटले. पण आठवड्याच्या शेवटी ‘झालं का’चा रकाना भरायला बसले, तेव्हा मला काय लिहावं तेच कळेना. ‘बघते’ म्हणाले होते म्हणजे हो म्हणाले होते का? माझ्या मनात ते ‘जमलं तर’ होतं. समोरच्याने मात्र ‘हो’ ऐकलं होतं, आणि तो थांबून राहिला होता.

तुमच्या वहीत ‘बघतो’ऐवजी ‘करून टाकतो’ निघेल, ‘दोन मिनिटांत’ निघेल, ‘लगेच’ निघेल. प्रत्येकाचा एक ठरलेला शब्द असतो, ज्याने तो वेळ मारून नेतो. पहिल्या आठवड्यात तो सापडला तर आठवडा सार्थकी लागला असं समजा. किती शब्द पाळले हा आकडा इतक्यात महत्त्वाचा नाही.

पायरी २: तीनच उत्तरं

दुसऱ्या आठवड्यापासून कोणी काही मागितलं की तीन उत्तरांपैकी एकच द्यायचं. एक: हो, आणि अमुक वेळेपर्यंत. दोन: नाही. तीन: आत्ता सांगता येत नाही, अमुक वेळी नक्की सांगेन. चौथं उत्तर नाही. तिसऱ्या उत्तरात दिलेली वेळ हासुद्धा शब्दच आहे, ती वहीत उतरवायची.

ऐकायला हे सोपं आहे. करायला बसलं की ‘नाही’पाशी गाडी अडते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अनुभवाचं बोलणं आहे: भिडेखातर हो म्हणणारा पुढे वेळेच्या बाबतीत कंगाल होतो, आणि ज्याच्यासाठी हो म्हटलं तोही शेवटी नाराजच होतो.

एका सहकाऱ्याशी झालेलं बोलणं सांगते. दुपारची वेळ, मी एका कामात बुडालेली. तो टेबलापाशी येऊन म्हणाला, “हा अहवाल जरा नजरेखालून घालशील का?” एरवी मी ‘ठेव, बघते’ म्हणाले असते. त्या दिवशी विचारलं, “केव्हा हवाय?”

“उद्या सकाळी पुढे पाठवायचाय.”

“आज सगळा वाचणं मला जमणार नाही. फक्त निष्कर्षाचं पान चाललं तर सहापर्यंत वाचून देते.”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “खरं तर मला तेवढंच पान दाखवायचं होतं.”

त्याच्या मनात एकच पान होतं आणि मी चाळीस पानांचं ओझं मनाने उचलून मोकळी झाले होते. ‘केव्हा’ आणि ‘किती’ हे दोन प्रश्न विचारले की निम्मी ओझी तिथेच हलकी होतात. उरलेल्यांना नाही म्हणताना कारणांची माळ लावू नका. कारणं जितकी जास्त, तितकी समोरच्याला एकेक खोडून काढायला जागा. “या आठवड्यात मला जमणार नाही” हे पूर्ण वाक्य आहे. आवाज मऊ ठेवा, वाक्य मऊ करू नका.

पायरी ३: अंदाज आणि प्रत्यक्ष

हो म्हणताना वेळ सांगायची तर ती खरी निघाली पाहिजे, आणि इथे जवळजवळ सगळेच फसतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी 1979 मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. मागच्या वेळी उशीर झाला होता हे ठाऊक असूनही या वेळी मात्र सगळं सुरळीत होईल असं माणूस धरून चालतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. सगळं काही वाईटात वाईट घडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सुमारे 55. म्हणजे मुद्दाम वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला.

यावर उपाय वहीतच आहे. आणखी दोन रकाने जोडा, अंदाज आणि प्रत्यक्ष. महिनाभरात तुमचा स्वतःचा आकडा हाती येतो. मी लिखाणाच्या कामाला अर्धाच वेळ धरते हे मला असंच कळलं. आता मनात आलेला आकडा दुप्पट करूनच बोलते. बैठकांच्या बाबतीत माझा अंदाज बरोबर असतो, तिथे दुप्पट करत नाही. प्रत्येक प्रकारच्या कामाचा आकडा वेगळा निघतो, म्हणून दुसऱ्याचा नियम उसना घेऊ नका.

पायरी ४: स्वतःला दिलेला शब्द बांधून ठेवा

दुसऱ्याला दिलेल्या शब्दामागे निदान त्याच्या आठवणीचा धाक असतो. ‘मी’ लिहिलेल्या ओळींमागे कोणी नसतं, म्हणून त्याच सगळ्यात जास्त मोडतात. ‘रोज व्यायाम करीन’ या वाक्यात कधी, कुठे आणि कशानंतर, यांतलं काहीच नाही. ते वाक्य दिवसभर आपल्यासोबत हिंडतं आणि रात्री तसंच परत येतं.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी यावर सुचवलेली रीत अगदी साधी आहे: ठराव ‘जर… तर…’ या साच्यात लिहायचा. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये अशा 94 चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले. नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा जर-तर लिहिणाऱ्यांच्या हातून ठरलेलं काम पार पडण्याचं प्रमाण चांगलंच जास्त आढळलं. कारण समजण्यासारखं आहे. ठरावीक प्रसंग समोर आला की तोच आठवण करून देतो, दर वेळी मनाची समजूत घालत बसावं लागत नाही.

कच्चा ठराव: ‘रोज थोडं वाचायचं.’ पक्का ठराव: ‘रात्री दिवा मालवायला हात पुढे केला, की आधी उशाशी ठेवलेल्या पुस्तकाची दोन पानं.’ दुसऱ्यात प्रसंग आहे, जागा आहे आणि काम इतकं लहान आहे की नाही म्हणायला सबब सापडत नाही. अडथळ्यासाठीही एक ओळ लिहा: ‘फार थकले असेन, तर एकच पान.’

एका वेळी असे दोनच ठराव ठेवा. उत्साहाच्या भरात दहा लिहिणारे आरंभशूर ठरतात, आणि नंतर वहीकडे पाहायचीही त्यांना लाज वाटू लागते. मी तेही करून पाहिलं आहे. त्या वेळी ती वही तीन महिने कपाटात पडून होती.

पायरी ५: शब्द मोडणार हे कळताच सांगा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

कितीही सांभाळलं तरी काही शब्द मोडणारच. आजारपण येतं, कोणाचं तरी काम आपल्याआधी अडतं, अंदाज चुकतो. माणसं त्याबद्दल सहसा रागावत नाहीत. ती रागावतात उशिरा कळल्याबद्दल.

एकदा एका गटाच्या कामात माझ्याकडे आकडेवारी जुळवायचं काम होतं, शुक्रवारी द्यायचं होतं. बुधवारी दुपारीच मला दिसलं होतं की ते होणार नाही. तरी वाटलं, रात्री बसून रेटू. गुरुवारी तेच वाटलं. शुक्रवारी दुपारी मी ‘थोडा वेळ लागेल’ असा निरोप पाठवला. त्या आकड्यांवर ज्यांचं पुढचं काम अवलंबून होतं त्या बाईंनी त्यासाठी शनिवार राखून ठेवला होता, घरचा एक बेत मोडून. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मी कुठलीही तारीख सांगितली की त्या दोन वेळा विचारायच्या, “नक्की ना?” तो प्रश्न थांबायला वर्ष लागलं. बुधवारी सांगितलं असतं तर त्यांचा शनिवार वाचला असता आणि माझा शब्दही.

असा निरोप लिहिताना चार गोष्टी सांगाव्या लागतात: काय होणार नाही, किती झालं आहे, नवी वेळ कोणती, आणि तोवर समोरच्याचं अडू नये म्हणून आत्ता काय देता येईल. उदाहरणार्थ: “शुक्रवारपर्यंत पूर्ण तक्ता होणार नाही. पहिले दोन भाग तयार आहेत, तिसरा राहिला आहे. पूर्ण तक्ता मंगळवारी सकाळी 11 पर्यंत देते. दोन भागांवर तुमचं काम सुरू होणार असेल तर ते आत्ताच पाठवते.” माफी एका वाक्यात मागा, आणि मनापासून. पाच वाक्यांची माफी वाचणाऱ्यावर आपलीच समजूत घालायची वेळ आणते.

नवी वेळ सांगताना विशेष जपा. एकदा मोडलेला शब्द लोक विसरतात, पण दुरुस्त करून दिलेला शब्दही मोडला तर विसरत नाहीत.

पायरी ६: मागायला शिका

प्रभाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भाषण करणारा माणूस येतो. रोजच्या आयुष्यात प्रभाव म्हणजे आपण काही मागितलं आणि समोरच्याने मनापासून दिलं, एवढंच. आणि बहुतेक जण मागतच नाहीत, कारण नकार मिळेल असं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायला सांगितलं होतं. त्याआधी विचारलं, किती जणांपाशी जावं लागेल? उत्तर आलं सरासरी 20. प्रत्यक्षात सुमारे 10 जणांतच काम झालं. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. दुसऱ्या पायरीवर आपण तीच अडचण आपल्या बाजूने पाहिली. म्हणून मागताना समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा: “जमत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरी सोय करीन.” भिडेने मिळालेला होकार पुढे गळतो आणि आपलंच काम अडतं.

कारण सांगा, आणि खरं सांगा. एलेन लँगर यांच्या 1978 च्या प्रयोगात फोटोकॉपीच्या यंत्रापाशी रांगेत आधी जाऊ देण्याची विनंती केली गेली. पाच पानांसाठी नुसतं विचारलं तेव्हा 60 टक्के लोकांनी जाऊ दिलं, घाई आहे असं सांगितलं तेव्हा 94 टक्के. ‘मला प्रती काढायच्या आहेत’ हे पोकळ कारण दिलं तरीही 93 टक्के. इथवर वाचून पुष्कळ जण म्हणतात की कुठलंही कारण चालतं. पण त्याच प्रयोगात पानं 20 झाली तेव्हा पोकळ कारणाचा काहीच उपयोग झाला नाही: 24 टक्के, नुसतं विचारल्याइतकेच. खऱ्या कारणाला 42 टक्के मिळाले. मागणं मोठं झालं की माणूस कारण तपासतो.

अशा गोष्टी कळल्या की त्यांचा डाव म्हणून वापर करायचा मोह होतो. मी एक कसोटी ठेवते. मी हे असं का मागते आहे ते समोरच्याला उघडपणे सांगता येईल का? येत नसेल तर तसं मागायचं नाही. दबावाने मिळालेलं एकदाच मिळतं.

मागणं स्पष्ट झालं की नाही हे आपल्याला आतून कळत नाही. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला, ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखली जातील. 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. काम सांगताना आपलंही हेच होतं. म्हणून सांगून झालं की विचारा, “मी नीट सांगितलंय का ते बघू, तू सुरुवात कुठून करशील?” उत्तरातून आपलं राहून गेलेलं लगेच कळतं.

पायरी ७: मोडलेल्या ओळीसमोर काय लिहायचं

आता वहीतल्या त्या ओळी, ज्यांच्यापुढे ‘नाही’ लिहिलं आहे. त्यांच्याखाली एक ओळ कारणासाठी सोडा, आणि तिथे स्वतःच्या स्वभावाबद्दल काही लिहायचं नाही असा नियम ठेवा. ‘मी आळशी आहे’, ‘माझ्यात चिकाटीच नाही’ ही वाक्यं तिथे बसत नाहीत. जे घडलं, डोळ्यांनी दिसलं, तेवढंच लिहायचं: ‘चार तासांचं काम होतं, दुपारी तीनला सुरू केलं.’ ‘पहिला भाग कसा करायचा ते माहीत नव्हतं आणि विचारलं नाही.’

दोन्हींतला फरक उद्या सकाळी कळतो. ‘मी आळशी’ या वाक्यावर सकाळी करण्यासारखं काही नसतं. ‘तीनला सुरू केलं’ या वाक्यावर दहाला सुरू करता येतं.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या कामामुळे ‘ग्रोथ माइंडसेट’ हा शब्द घरोघरी पोचला: क्षमता कायमची ठरलेली नसते, ती वाढवता येते असं मानणारी मनोवृत्ती. त्याबद्दल फार मोठी आश्वासनं दिली जातात, म्हणून एक आकडा सांगते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात नववीतल्या सुमारे 12,000 मुलांपैकी निम्म्यांना या विषयावरचा तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला गेला. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत 4 पैकी 0.1 गुणाची वाढ दिसली. वाढ लहान आहे, पण खरी आहे, आणि तासाभराच्या पाठाकडून मी याहून जास्त मागणार नाही. नुसत्या विचाराने आयुष्य पालटत नाही. विचार ‘उद्या काय वेगळं करायचं’ इथवर उतरला की त्याचा उपयोग सुरू होतो. कारणाची ती एक ओळ त्यासाठीच आहे.

एकच कारण तीन वेळा आलं तर ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढा आणि त्याच्यासाठी चौथ्या पायरीचा जर-तर तयार करा. माझ्या शेवटच्या पानावर ‘सुरुवात कशी करायची ते विचारलं नाही’ सहा वेळा होतं. त्यावर लिहिलेला ठराव असा: ‘काम हाती घेऊन अर्धा तास झाला आणि कागदावर काही उमटलं नाही, तर उठून एकाला विचारायचं.’ आजवरच्या सगळ्या ठरावांत हा माझ्या सर्वांत जास्त कामी आला.

किती दिवस चालवायचं

सवय 21 दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या रोजच्या एका नव्या सवयीचा 12 आठवडे मागोवा घेतला. कृती आपसूक होऊ लागायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा आला 66 दिवस. माणसामाणसांतला फरक मात्र मोठा होता, 18 दिवसांपासून अंदाजे 254 दिवसांपर्यंत. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात वही अजून ओझं वाटत असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. तीन महिने धरून चाला.

रोजचा वेळ दहा मिनिटांपलीकडे जाऊ देऊ नका. महिन्यातून एकदा मागची पानं चाळा आणि फक्त ‘केव्हापर्यंत’चा रकाना तपासा. तो किती ठिकाणी भरलेला आहे, यावरून प्रगती जितकी कळते तितकी पाळलेल्या शब्दांच्या संख्येवरून कळत नाही. सुरुवातीला वेळा स्पष्ट सांगू लागलात की मोडलेल्या शब्दांची संख्या वाढल्यासारखी दिसेल. घाबरू नका, आधी ते मोडलेले मोजलेच जात नव्हते.

आणि मधे खंड पडला तर? त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. राहिलेल्या दिवसाच्या नोंदी आठवून भरत बसू नका. त्या तारखेपुढे आडवी रेघ मारा, खाली आजची तारीख घाला आणि आज दिलेला पहिला शब्द लिहा.